कुठून येणार

पेडणे
७ सप्टेंबर

ताई,

वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल. आधी हेच लिहिते, नाहीतर गप्पांच्या नादात विसरायची.

भाग्यलक्ष्मीबाय कालही फोनवर तेच म्हणाली, "बरी आसा. जेवता. पण घरच्या कोणाचो आवाज नाका म्हणता." फोन मी वर्गातल्या गौरेशच्या मोबाईलवरून केला होता, आमच्या नव्हे. तेवढी अक्कल आहे मला. आणि तू का बोलत नाहीस तेही कळतं. आईचा आवाज कानावर पडला तर दुसऱ्या दिवशी पिशवी भरून परत येशील, याचीच तुला भीती आहे. मग नकोच बोलू. मी लिहीन, बाय तुला पत्र देईल, तू तिच्या खानावळीत नारळ खवता खवता वाच. फक्त फाडून टाकू नकोस, जाळ. फाडलेलं जुळवता येतं.

चतुर्थी झाली. आई सगळ्यांना सांगत होती, सिद्धी मुरगावला बंदराच्या ऑफिसात लागली, नवी नोकरी, रजा नाही. तिकडे डिचोलीत तुझी सासू सांगते, आवय आजारी म्हणून माहेरी गेलीय. दोन्ही गावांना दोन्ही गोष्टी ठाऊक आणि कोणी तोंड उघडत नाही. इज्जतीचं पांघरूण सगळ्यांना पुरतं.

भावोजी आले होते. मिठाईचा बॉक्स, इस्त्रीचा शर्ट. खिडकीजवळच्या कदेलीवर पाठ टेकून बसले, आरतीला टाळ वाजवले, आईच्या पाया पडले. निघताना मी चप्पल घालायला दारात होते तर हळूच तुझा ठावठिकाणा विचारला, "सेजल, खंय गो आसा ती?" मी म्हटलं, "माका खबर ना, भावोजी." आवाज असा कापला की मलाच लाज वाटली. ते हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. अजून तो हात तिथे असल्यासारखं वाटतं.

जाऊ दे. चांगलं सांगते.

कॉलेजात उद्योजकतेचा प्रकल्प आहे. आमची कल्पना चतुर्थीतच सुचली. यंदा दोन घरांची भजनं एकाच वेळी लागली आणि बाबाजी आजोबांच्या घरी सुतक आहे हा निरोप ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगखाली असा गाडला गेला, की बिचारे चार जण मोदक घेऊन तिथे पोचले! म्हटलं, सगळ्या वांगडाचं एकच कॅलेंडर असलं तर? रेश्मा मॅडम कोल्हापूरच्या, त्यांना वांगड म्हणजे काय तेच कळेना. मी सांगितलं, "एका कुळाची सगळी घरं, मॅडम. चाळीस चुली आणि एक देवी." त्या एवढ्या खूश झाल्या की ॲपचं नावच 'वांगड' ठेवायला लावलं. डोकं माझं, कोड गौरेशचा. तो दिवसभर पावाचे उंडे खातो आणि कीबोर्डवर चुरा सांडतो.

मॅडमना वापरणारी खरी माणसं हवी होती, एक नव्हे दोन वांगडं. मिळाली. कशी मिळाली ते विचारू नकोस.

तुझी
सेजल

पेडणे
५ ऑक्टोबर

ताई,

तू विचारलं नाहीस, पण पोटात ठेवून मला जेवण जाईना.

दुसरं वांगड तुझ्या सासरचं आहे. मी मागायला गेले नव्हते गो! आईनं कौतुकानं कुणाला तरी सांगितलं, ते डिचोलीला पोचलं आणि भावोजींचा फोन आला. "आमचां वांगड घाल मगो तुज्या ॲपात. मेव्हणीच्या कामाक आमी नाय तर कोण?" नाही म्हटलं असतं तर म्हणाले असते, का नाही? काय लपवतेस? मी हो म्हटलं. एका दिवसात त्यांनी झाडून सगळी घरं घातली. गौरेश म्हणतो, असा युजर शोधून मिळत नाही.

त्यांनी दिवजांचा कार्यक्रमही घातला. कार्तिक अमावास्या, देवीसमोर दिवजां. लग्न झालेल्या सुनेनं सलग पाच वर्षं पेटतं दिवज हातात धरून देवळाला फेऱ्या घालायच्या, मध्ये खंड नाही, हे आमच्या ॲपात अगदी फिट्ट बसलं. सुनेचं नाव एकदा घातलं की पाचही वर्षं आपोआप लागतात. ही माझीच कल्पना, टाळ्या पडल्या होत्या वर्गात. आता तिथे तुझं नाव आहे. 'सिद्धी, तिसरं वर्ष.' आणि पुढे चौथं, पाचवं. मी ते बघते आणि मला तुझं मनगट आठवतं. गेल्या वर्षी दिवज धरताना तू हात बदलत होतीस, बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या होत्यास. मी विचारलं तर म्हणालीस, तेलानं पोळलं. तेलानं कुठे एवढं पोळतं का ताई?

एक गंमत सांगते, म्हणजे मलाही जरा श्वास घेता येईल. प्रत्येक कार्यक्रमापुढे दोन बटणं आहेत, 'येणार' आणि 'नाही'. जत्रा असो, पालखी असो, भजन असो, 'नाही' कोणीच दाबत नाही! जमणार नसेल तर नुसते गप्प बसतात. गौरेशला वाटलं बटणच बिघडलंय. मी बाबाजी आजोबांना विचारलं, तुम्ही अंथरुणाला खिळलेले, पालखीला 'येणार' कसं दाबलंत? ते माझ्यावरच खेकसले, "देवीक नाय कोण म्हणता गो? खुळी काय तू?"

मॅडमना मात्र धंदा हवा. त्या म्हणाल्या, माणसं एकाच गावाला जातात तर गाड्या वाटून घेतील, त्यातच कमाई आहे. म्हणून 'येणार' दाबलं की खाली एक रकाना उघडतो, 'कुठून येणार?' भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गौरेश म्हणत होता रिकामा सोडायची मुभा ठेवू. मीच हट्ट केला, सगळ्यांनी भरला तरच गाड्या जुळतील. आणि म्हाताऱ्यांकडे फोन नसतात म्हणून घरचं कोणीही त्यांच्या वतीनं उत्तर देऊ शकतं.

भावोजी दर दोन दिवसांनी फोन करून सूचना देतात. गोड बोलतात, अगदी साखर. काल म्हणाले, "सिद्धीक आठवण वता मगो त्यातसून?" मी म्हटलं, ॲपची आठवण जाते, पण तिचा फोन बंद असतो. ते म्हणाले, "आसू दी. देवीच हाडतली तिका."

ताई, तू येऊ नकोस. व्रत मोडलं तर मोडू दे. देवीला मी सांगेन काय सांगायचं ते.

सेजल

पेडणे
१० नोव्हेंबर

ताई,

फोनवर बायला अर्धवटच सांगितलं, कारण मागे गौरेशची आई उभी होती. आता नीट वाच आणि घाबरू नकोस. नाही, घाबर. घाबरलेली बरी.

काल दुपारी कॅन्टीनमध्ये बसलो होतो. ॲप वाजलं. उघडून बघते तर दिवजांच्या कार्यक्रमाखाली हिरव्या अक्षरांत:

सिद्धी. येणार. कुठून: फोंडा.

माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला आणि मला भाजलेलंही कळलं नाही. गौरेशनं तिथल्या तिथे ती नोंद पुसली. पण निरोप सगळ्यांच्या फोनवर गेला होता, तो कसा पुसणार?

मी बस पकडून घरी आले. आई तुळशीपाशी बसून वाती वळत होती. चेहरा इतका शांत, कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

"आई, तू घातलंस?"

"हय. तूच शिकवलंस मगो, दुसऱ्याच्या नावान कसा घालूचा ता."

"अगो पण 'येणार' कशाला?"

"मग काय घालू? नाय? पोरीच्या नावान देवीक नाय म्हणू? तीन वर्सां जावची आसत तिची."

"आणि फोंडा? सगळ्या गावाला मुरगाव सांगतेस ना तू? मग इथेच खरं कशाला?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी. म्हणाली, "लोकांक सांगूक मुरगाव बरा. देवीच्या कागदार खोटा कसा लिवू?"

तिच्या लेखी ते ॲप नव्हतंच. देवीपुढे धरलेला कागद होता, आणि तो बघणारी एकटी देवी. मी तिला सांगितलं, तो कागद प्रज्योत भावोजीही वाचतात. पहिल्यांदा तिला कळेना. मग कळलं. वाती मांडीवरून खाली सांडल्या आणि ती दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली.

नोंद पुसण्याआधी तिच्याखाली भावोजींनी लिहिलं होतं, 'देवी पावली.' आणि हात जोडलेलं चित्र.

रकाना सक्तीचा मी केला, ताई. आईला काय बोलू?

बाहेर पडताना तोंडावर ओढणी घे. बाजारात जाऊ नकोस. बायला सांग, नारळ दुसऱ्या कुणाकडून आणव.

सेजल

पेडणे
१५ नोव्हेंबर

ताई,

भावोजी काल येऊन गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुन्हा तीच कदेल, तोच शर्ट. आईनं चहा दिला, कपबशी खडखड वाजत होती, त्यांनी उठून तिच्या हातातून घेतली. "आई, तुमी कित्याक भियतात? बायलेक घरा हाडूक येतां, चोरी करूक नाय." मग माझ्याकडे वळले. "फोंड्यात खंय?"

"माका खबर ना."

"बरा." कपातलं संपवलं, रुमालानं ओठ पुसले. "फोंडा केदोसो मोठो? तिका दुसरा काय येता, रांधूकच ना? खंयतरी खानावळीत आसतली."

ताई, ते हे हसत हसत बोलले. मी कपबशी मोरीत नेऊन ठेवली आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले, म्हणजे माझे दात वाजतात ते बाहेर ऐकू जायला नको.

संध्याकाळी कॅलेंडरवर नवा कार्यक्रम आला. घालणारे प्रज्योत. 'सिद्धीक दिवजांक हाडपाक वचप. बुधवार सकाळ. कुठे: फोंडा.' तुला आणायला जायचा बेत, देवीच्या कार्यक्रमाला जोडून. आणि खाली उत्तरं सुरू झाली. भावोजींचे काका येणार. थोरले दीर येणार. जाऊ येणार. ज्यांनी तुला लग्नात ओवाळलं त्या सगळ्या बायका येणार. एकानं टेम्पोच घातला, सगळी एकत्रच जाऊ म्हणून. काहींना खरंच वाटतं, रुसलेल्या सुनेला मानानं आणायचं पुण्य आहे. काहींना ठाऊक आहे. पण देवीचं नाव लागल्यावर 'नाही' कोण दाबणार? पलंगावरच्या बाबाजी आजोबांचंसुद्धा 'येणार' आलं! ते आमच्या वांगडातले, त्यांचा काय संबंध? कुणीतरी देवी म्हटली, दाबलं बटण.

गौरेश म्हणतो, ॲपच बंद करू, खड्ड्यात गेला प्रकल्प. मी रात्रभर विचार केला आणि नको म्हटलं. बंद केलं तरी टेम्पो निघेलच, फक्त केव्हा निघाला ते मला कळणार नाही. आता माझ्याकडे तेवढीच एक खिडकी आहे. मी त्यातून बघत बसलेय.

म्हणून सांगते ते ऐक. मंगळवारच्या आत तू तिथून नीघ. बायच्या ओळखीनं जा, देवळाच्या धर्मशाळेत जा, वाटेल तिथे जा. आणि कुठे जातेस ते मला कळवू नकोस. आईला नको, मला नको. माझ्या मनात काय आहे ते माझ्या तोंडावर दिसतं, तू लहानपणापासून हसायचीस ना त्याला? या पत्राचं उत्तर पाठवू नकोस.

माझ्याकडचा जाड स्वेटर बायकडे पाठवतेय. थंडी पडायला लागलीय.

तुझीच
सेजल

पेडणे
२४ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर घालू? बायकडे ठेवते. तांदळाच्या डब्याच्या मागे ठेवीन म्हणाली. कधी आलीस तर वाच, नाही आलीस तरी चालेल.

मंगळवारी पणजीला आमचं प्रेझेंटेशन होतं. मी जाणारच नव्हते, पण गौरेश म्हणाला, घरी बसून फोनकडे बघायचं ते तिथे बसून बघ. परीक्षक तिघे, एसी असा की माझी बोटं बधीर झाली. गौरेशनं खरं कॅलेंडर पडद्यावर लावलं. मी नको नको म्हणत होते, पण नकली माहिती चालणार नाही असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं.

आणि वरच होता तो बुधवारचा कार्यक्रम. भिंतीएवढा. परीक्षकांतल्या एका बाईंनी चष्मा पुढे सरकवला. "हे विलक्षण आहे हं! एवढी माणसं आणि सगळ्यांचं उत्तर येणार? एकही नाही नाही? लोकांना एवढं बांधून ठेवणारं ॲप मी पाहिलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर उभी आणि त्या बाई भावोजींच्या काकांचं, तुझ्या दिरांचं, जावेचं नाव कौतुकानं मोठ्यानं वाचत होत्या.

तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं आली.

आई. नाही.

ताई, ते बटण लाल आहे हे मी विसरूनच गेले होते. दोन महिन्यांत कुणी दाबलंच नव्हतं. परीक्षक बाई म्हणाल्या, "अरेरे, हा एक निगेटिव्ह आला." गौरेशनं माझा कोपर धरला. मी काहीतरी बोलत राहिले, गाड्या, कमाई, दुसरी गावं. काय बोलले देवाला ठाऊक. आणि मी बोलत असतानाच दुसरं आलं.

शेवंती. नाही.

तुझी सासू. भावोजींची आई. मी आजवर तिला आपल्याविरुद्धच धरत आले होते. तिनं दाबलं आणि मग काय झालं ते मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. जावेचं 'येणार' पुसलं गेलं. नाही नव्हे, नुसतं पुसलं. मग ओवाळणाऱ्या बायकांचं, एकेकीचं. टेम्पोवाल्याचं. 'नाही' म्हणायची छाती त्या दोघींचीच झाली, बाकीच्या गप्प झाल्या. पण गप्प झालेल्यांना घेऊन टेम्पो निघत नाही.

शेवटी परीक्षकांनी विचारलं, यात काय बदलाल? मी म्हटलं, 'कुठून येणार' हा रकाना काढून टाकीन. मॅडमनी कपाळाला हात लावला. नंबर आला नाही. गौरेश उंडा खात म्हणाला, बरं झालं.

घरी आले तर आई तुळशीपाशीच. मी म्हटलं, "दाबलंस? देवीला नाही म्हटलंस?"

"देवीक मी कशाक नाय म्हणू?" ती वाती वळतच राहिली. "तेका नाय म्हटलंय."

पण तेव्हापासून, ताई, डाळीला कीड दिसली तरी ती देवीच्या तसबिरीकडे बघते. अमावास्येला आम्ही दोघी गेलो डिचोलीला, जायलाच हवं असं तिनं धरलं. सगळ्या सुना दिवजां घेऊन फिरत होत्या, ज्योती वाऱ्यानं आडव्या होत होत्या. तुझी जागा त्यांनी रिकामी सोडली होती. शेवंतीकाकी येऊन आईच्या शेजारी पायरीवर बसली. निघताना काकीनं आईची ओटी भरायला हात पुढे केला, आणि आई विधवा आहे हे आठवून मागे घेतला, आणि मग नारळ तसाच तिच्या पदरात टाकला.

बुधवारी भावोजी मात्र एकटे मोटारसायकलवरून फोंड्याला गेले होते. तीन खानावळी फिरून चौथी बायची. बाय दारात हात पसरून उभी राहिली. तिनं सांगितलं, "आसली एक पोर. गेली. खंय ता माका सांगू नाका म्हटला मीच तिका." त्यांनी आत जाऊन माळा बघितला. तुझी चटई गुंडाळलेली होती. स्वेटर नव्हता.

तू स्वेटर नेलास. तेवढंच मला कळलंय आणि तेवढं पुरे.

पुढची दोन वर्षं कॅलेंडरात अजून आहेत. 'सिद्धी, चौथं वर्ष.' 'सिद्धी, पाचवं वर्ष.' गौरेश काढायला निघाला होता, आईनं काढू दिलं नाही. कधीतरी, कुठल्याही देवळात, एखादं दिवज लाव म्हणते. मी त्यासमोरचा 'कुठून' रकाना तेवढा रिकामा ठेवलाय.

भावोजी काल पुन्हा आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. कदेलीवर बसले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "शेवटचा इचारतंय, सेजल. खंय आसा ती?"

आई आत होती. रस्त्यावर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजत होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "माका खबर ना."

ते किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. काही सापडतं का ते शोधत होते. काही सापडलं नाही, कारण या वेळी ते खरं होतं.

सेजल